तहकूब सभा

आमच्या गावात ग्रामसभा होत नाही, तहकूब होते. सकाळची वेळ दिलेली असते, दुपारपर्यंत पाच-सात डोकी जमतात, ग्रामसेवक घड्याळाकडे बघतो आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाल्याचं लिहून टाकतो. मग काही दिवसांनी तीच सभा पुन्हा भरते, आणि तहकूब सभेला माणसं किती आली हे कायदा विचारत नाही. उपसरपंच विनोद, त्याचे चुलते, रेतीच्या ट्रकवाले त्याचे दोस्त, आणि पंखा असतो म्हणून येऊन बसणारे माझे थोरले दीर नरहरी, एवढ्यांनी मिळून गावाचा कारभार वर्षानुवर्षं हाकलाय. कोणी विचारलंच तर सगळं नियमात असतं. मला ते कायम खुपायचं, आणि मी दरवेळी ओरडून घसा बसवून घरी यायचे.

मी हेमांगी. याच पंचायतीची सदस्य, तीही दुसऱ्यांदा निवडून आलेली. तोंडाळ म्हणून गावात माझं नाव आहे आणि ते मी जपून ठेवलंय. उमरोळी आणि बोईसरच्या मधे आमचं गाव. रुळांच्या अलीकडे आम्हा वाडवळांच्या चिकू-नारळाच्या वाड्या, पलीकडे टेकडीला लागून वारल्यांचे पाडे. सरपंचपद आदिवासींसाठी राखीव, म्हणून खुर्चीत वर्षाराणी बसते. पाड्यावरची, बारावी झालेली, नुकतं लग्न झालेली पोर. खुर्ची तिची आणि भुवया विनोदच्या. त्याने भुवई वर केली की ती "मंजूर" म्हणते, खाली घेतली की "पुढच्या सभेत घेऊ."

यंदा प्रश्न जागेचा होता. गुरचरणाचा एक खडकाळ तुकडा, जिथे गुरं सोडा, शेळ्याही थांबत नाहीत, तो घरांसाठी द्यायची तयारी तालुक्याने दाखवली. आधी कोणाची घरं, ते ग्रामसभेने ठरवावं असं कळवलं. विनोदचं म्हणणं, तिथे चार मजली इमारत उभी करू, गावच्या पोरांना परवडणारे फ्लॅट देऊ. बिल्डर त्याने शोधूनही ठेवला होता. रेती-खडी कोण पुरवणार हे सांगायला ज्योतिषी नको. माझं म्हणणं, घरकुल मंजूर आहे पण बांधायला स्वतःची जागा नाही, अशा पाड्यावरच्या माणसांना आधी प्लॉट पाडून द्या. जागा एवढीशीच. दोन्ही मावणार नव्हतं.

आता विनोद राक्षस आणि मी देवी असं कोणी समजू नये. फ्लॅटची गरज खोटी नव्हती, ती माझ्याच घरात रोज माझ्या शेजारी जेवायला बसत होती. माझा मुलगा धीरज तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. पाळ्या सांभाळून वाडीतही हात लावतो, वागण्यात नाव ठेवायला जागा नाही. पण मुलगी बघायला गेलं की पहिला प्रश्न, "फ्लॅट पालघरला आहे की बोईसरला?" मी आमचं कौलारू घर सांगायचे, परसातले चिकू सांगायचे, गोड्या पाण्याची विहीर सांगायचे. मुलीकडचे सगळं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, "पण फ्लॅट?" शेवटी केळव्याच्या कीर्तीने धीरजला पसंत केलं. तिच्या वडिलांनी एवढंच म्हटलं, की फ्लॅटचं नक्की होऊ दे, साखरपुडा लगेच करू. बोईसरचे भाव ऐकून धीरज त्या दिवशी न जेवता झोपला होता. विनोदची इमारत पुढे आली तसा त्याचा जीव भांड्यात पडला. न बांधलेल्या त्या इमारतीत तो मनाने राहायलाही गेला, हॉलला रंग कुठला द्यायचा इथपर्यंत.

आणि तानी? तानीची झोपडी माझ्या मागच्या दारातून दिसते. नरहरीभावोजींच्या वाडीच्या कडेला, कुडाच्या भिंती, वर कौलं थोडी आणि ताडपत्री जास्त. माझ्या आजेसासऱ्यांनी तिच्या आजेसासऱ्याला वाडी शिंपायला ठेवलं तेव्हा तोंडी दिलेली जागा. कोणी कागद केला नाही, कोणी मागितला नाही. वाटणीत ती बाजू भावोजींकडे गेली. आता त्यांचे गुडघे गेले, मुलगा ठाण्याला, वाडीत उतरणार कोण? त्यांनी ती एका गोदामवाल्याला विकायला काढली. गोदामवाल्याला जमीन मोकळी हवी. पावसाआधी झोपडी हलवा, असं भावोजींनी तानीच्या नवऱ्याला, देवूला, सांगून टाकलं. तानीच्या नावावर घरकुल मंजूर होऊन पडलेलं होतं, पण मार्चअखेर जागा दाखवली नाही तर ते रद्द. म्हणजे झोपडी जाणार आणि घरकुलही जाणार, दोन्ही एका पावसाळ्याच्या आत. बाकीही अशी घरं पाड्यांवर होती, पण मला रोज सकाळी दात घासताना दिसायची ती तानीची.

दिवाळीनंतर तानी आणि देवू वीटभट्टीवर जातात. यंदा वैतरण्याच्या बाजूला होते. सभेची नोटीस लागली तशी मी त्यांना गाठायला तिकडे गेले. भट्टीवर तानी चिखलाचा गोळा साच्यात थापत होती. विटा पाडणारीलाच घर नाही वगैरे मी बोलणार नाही, तसली वाक्यं विनोद भाषणात बोलतो. मला बघून तिने साचा खाली ठेवला.

"बाय, तू इकडं?"

तानी मला बाय म्हणते आणि अगं-तुगं करते, मी लग्न होऊन आले तेव्हापासून. मी तिला सभेचं सांगितलं. ती म्हणाली, "मंग आमी काय करू? भट्टीच्या शेठकडून आगाऊ पैसा घेतलाय. सभेला सोडल का तो?"

तेव्हा मी घरून ठरवून आणलेलं बोलले. यजमान गेल्यापासून आमची वाडी माझ्याच नावावर आहे, मला कोणाला विचारायचं नव्हतं. "तानी, तिकडची जागा नाही मिळाली तर माझ्या वाडीतला विहिरीकडचा कोपरा तुला देते. तिथे बांध घरकुल."

मला वाटलं, ती खूश होईल. खरं सांगायचं तर मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल आणि मी "अगं राहू दे" म्हणेन. तिने हातावरचा चिखल बोटांनी निपटला आणि म्हणाली, "नको बाय."

"का गं?"

"दिलेल्या जागंतच होतो की. तुझ्या आजेसासऱ्यानं दिलती, नरहरीशेठनं काढली. तू चांगली हायस. पन उद्या धीरजची बायको येल, तिची पोरां येतील. ती कशी निगतील, तुला ठावं हाय का?" मग साचा पुन्हा उचलत म्हणाली, "आमाला दिलेली नको आता. आमची पायजे."

राग आला मला. खोटं का बोलू? देणाऱ्याला कोणी नको म्हटलं की लागतंच, आणि मी तर एवढा प्रवास करून द्यायला गेले होते. परत येताना गाडीत पालघरपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. पालघर गेल्यावर भांडण संपलं, कारण तिचं एकही वाक्य मला खोडता येईना. माझी होणारी सून कशी निघेल हे मला खरंच माहीत नव्हतं. माझे आजेसासरे चांगले होते, भावोजीही काही दुष्ट नाहीत, आणि तरी तानीवर ही वेळ आली होतीच. उमरोळी येईपर्यंत माझं ठरलं, की आता ही जागा तानीला सभेतूनच मिळवायची. आणि निघता निघता तिला विचारलेलं एक मला आठवत होतं.

"होळीला तरी येता ना सगळे?"

"होळीला कोन ऱ्हातो बाय बाहेर? शेठनं नाय सोडला तरी आमी येतो."

पहिली सभा नेहमीप्रमाणे भरलीच नाही. एरवी मी उभी राहून सगळ्यांचे वाभाडे काढते. या वेळी हाताची घडी घालून गप्प बसले. ग्रामसेवकाने विचारलंसुद्धा, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" विनोद डायरीत तारीख शोधू लागला, तेव्हा मी गोड आवाजात म्हटलं, "विनोदभावजी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ठेवा की. कंपन्यांतली पोरं सुट्टी टाकून घरी असतात, आमचा धीरजही असेल. त्यांच्या घरांचा प्रश्न, त्यांना यायला नको?"

विनोदचा चेहरा उजळला. "वहिनी, आज खरं बोललात! पोटच्या पोरासाठी शेवटी आईच पुढं येते."

मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. त्याने जे ऐकायचं ते ऐकलं. होळीला पाडे माणसांनी भरलेले असतात हे विनोदला माहीत नव्हतं असं नाही. या मातीत जन्मलेल्या माणसाला ते माहीत नसणं शक्यच नाही. पण त्याच्या लेखी होळीतला पाडा म्हणजे ढोल, ताडी आणि रस्त्यावर दोरी आडवी धरून गाड्यांकडून पोस्त मागणारी पोरं. असली माणसं सभेला येतात हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ती येतील हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

वर्षाराणीच्या मात्र आलं. पंचायतीला कुलूप लावताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकी, होळीला पाड्यावर लय मानसं असतात."

"माहीत आहे मला."

"मंग विनोददादाला सांगू का तारीख बदल म्हनून?"

"तुला सांगावंसं वाटतं का?"

तिने कुलूप ओढून बघितलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "मना कोनी इचारलंच नाय." आणि गेली.

होळीच्या दिवशी सकाळपासून मी पाड्यापाड्यावर हिंडले. आदल्या दिवशी कोंबड होळी, म्हणजे लहान होळी, झालेली, जिकडेतिकडे मोठ्या होळीची लाकडं रचणं चाललेलं. तानी माझ्याबरोबर होती. मी काय सांगतेय ते लोक ऐकायचे, पण तानीकडे बघून ऐकायचे. "पोस्त मागायला दुपारभर उन्हात हुबं ऱ्हाता," ती म्हणायची, "तितकाच येळ पंचायतीत येऊन हुबं ऱ्हा. हात वर करायचा, बस. हाताला आगाऊ नाय घेतला कोनी." हसायचे सगळे. येतील की नाही, काही कळत नव्हतं. वारली माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, आणि हो म्हणाला म्हणजे येईलच असंही नाही.

घरी आले तर धीरज नारळ सोलत बसलेला. विनोदने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, की तुझी आई आपल्या बाजूने आहे. त्याने ते कीर्तीच्या वडिलांना कळवलंही होतं. हे मला आधी कळलं नव्हतं असं नाही. मी इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसले होते, मी, जिचं तोंड गावात कोणाला बंद करता आलं नाही. पण सभेत त्याला धक्का देणं मला जमणार नव्हतं. पुरणपोळी वाढली आणि सांगितलं.

"धीरज, परवा मी फ्लॅटसाठी हात वर करणार नाहीये. प्लॉटसाठी करणार आहे."

त्याने घास खाली ठेवला. "मग तारीख कशाला मागितलीस? माझं नाव घेऊन?"

"तू यावंस म्हणून. आणि तेही यावेत म्हणून."

"आई, त्यांना सरकार कुठे ना कुठे देतंच. आमच्याकडे कोण बघतं? घरकुल मिळण्याइतके गरीब नाही, कर्ज मिळण्याइतके श्रीमंत नाही. रात्रपाळ्या करून नाकातोंडात गॅस घेतो मी, आणि लग्नाचं विचारलं की लोक हसतात. आमचं दुःख दुःख नाही का?"

"आहे. तुझं एकही वाक्य खोटं नाही."

"मग?"

"पावसात तुझ्या डोक्यावर कौलं असतील. तिच्या डोक्यावर नसतील. माझ्याकडे एवढंच आहे सांगायला."

त्याने ताट दूर सारलं. मग म्हणाला, "मी तुझ्याविरुद्ध हात वर करणार."

"कर. चांगला उंच कर. कोपरापर्यंत हात वर करणारी माणसं मला आवडत नाहीत."

तो उठून गेला. पोळी तशीच राहिली, आणि मलाही ती गिळवेना.

सभेच्या दिवशी पंचायतीचं सभागृह कधी नव्हे ते भरलं होतं. कंपन्यांतली पोरं, त्यांचे बाप, कोणाकोणाच्या आयाही. विनोदने समोसे मागवले होते. धीरज पुढच्या रांगेत बसला होता, माझ्याकडे पाठ करून. पंख्याखाली नरहरीभावोजी. ग्रामसेवकाने विषय वाचला, आणि मी दाराकडे बघत राहिले. दार रिकामं. विनोद बोलायला उभा राहिला, गावच्या भूमिपुत्रांचं हक्काचं घर वगैरे सुरू झालं, टाळ्या पडल्या. दार रिकामंच. मला वाटलं, हेमांगी, पोरालाही दुखावलंस आणि तानीलाही काही मिळालं नाही, तेलही गेलं आणि तूपही गेलं.

मग रेल्वे फाटकाच्या बाजूने ढोल ऐकू आला.

आले ते नाचतच आले. होळीचे नवे कपडे, तोंडावर कालचे रंग, बायकांच्या कडेवर पोरं, दोन-चार पुरुष जरा डुलत. तानी सगळ्यांच्या पुढे. सभागृह भरलं, व्हरांडा भरला, माणसं खिडक्यांच्या गजांना धरून उभी राहिली. विनोदने खिशात हात घातला. "पोस्त मागायची ही जागा हाय का? हे घ्या, आणि पुढं व्हा."

"पैसं नको," तानी म्हणाली. "सभेला आलोत."

विनोद ग्रामसेवकाकडे वळला. "भाऊसाहेब, ही तहकूब सभा हाय. एवढी मानसं कशी चालतील?"

"भाऊसाहेब," मी उठले, "तहकूब सभेला कोरम लागत नाही, बरोबर?"

"बरोबर, मॅडम."

"आणि जास्त माणसं आली तर सभा बाद होते, असं कुठे लिहिलंय?"

ग्रामसेवकाने डोकं खाजवलं. "तसं कुठेच नाही. गावचे मतदार असले की झालं."

"अर्धे टाकून आलेत," विनोद म्हणाला. "वास येतोय इथपर्यंत."

"भावजी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी वासावरून माणसं बाहेर काढायची ठरवलीत तर तुमच्या मागच्या दोन रांगा आधी उठतील."

हशा पिकला, आणि सगळ्यात मोठ्याने हसल्या त्या त्या रांगांमधल्या पोरांच्या आया.

मग धीरज उठला. मला वाटलं होतं तो चिडून बोलेल. तो शांतपणे बोलला, मला जेवताना सांगितलं तेच, पण नीट मांडून. गावात राहायचं, गावात काम करायचं आणि गावात घर परवडत नाही म्हणून गाव सोडायचं, हे किती पोरांच्या वाट्याला आलंय ते त्याने नावं घेऊन सांगितलं. पाड्यावरची माणसंही ऐकत होती. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी मला त्याला हरवायचं होतं. असं एकाच वेळी वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

टाळ्या पडल्या आणि विनोदला जोर आला. "आणि ज्यांना पाड्याचा एवढा कळवळा हाय त्यांनी आपल्या वाडीतली जागा द्यावी की! वहिनींची केवढी वाडी हाय. गावाच्या जागेवर कशाला उदार होता?"

बाण बरोबर लागला होता. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडलं, पण तानी आधी बोलली.

"बाय देत होती. मीच नको बोलली."

तानीला उभ्या आयुष्यात कोणी सभेत बोलताना ऐकलं नव्हतं. तिने पदर खांद्यावर ओढला आणि पंख्याखाली बघितलं. "नरहरीशेठ, तुमी वाईट नाय. तुमच्या आजानं जागा दिली, त्याचं मन चांगलं होतं. पन आजाचं मन नातवाला येतंय असं नाय. मंग आमी दर टायमाला कोनाचं मन बघायचं? ही जागा कोनाची नाय, गावाची हाय. गावात आमी पन हाय. आमाला कोनी देऊ नका. आमच्या नावावर लिवा." मग धीरजकडे वळून म्हणाली, "तुला पन घर पायजे, ते खरं हाय. पन तू थांबलास तर घरात थांबशील. आमी थांबलो तर रस्त्यावर."

भावोजी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत होते.

विनोद काही कच्च्या गुरूचा चेला नाही. हवा फिरली हे त्याला लगेच कळलं. त्याने वर्षाराणीकडे बघितलं आणि भुवई खाली घेतली. पुढच्या सभेत घेऊ. पुढची सभा म्हणजे मार्च संपल्यावर, आणि मार्च संपला की तानीचं घरकुल संपलं. एवढ्या माणसांचं येणं एका भुवईत वाया जाणार होतं. मी ओरडायला उठले, पण ओरडून उपयोग नव्हता. खुर्ची माझी नव्हती.

वर्षाराणीने भुवई बघितली. सगळ्यांनी बघितलं की तिने बघितली. मग तिने टेबलावरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि म्हणाली, "हात वर करा. आदी इमारतवाले."

"सरपंच," विनोद दातांवर दात ठेवून म्हणाला, "विषय मोठा हाय, पुढच्या—"

"सभा माझी हाय दादा. हात वर करा."

इमारतीसाठी हात वर झाले. कमी नव्हते. सगळ्यांत उंच हात माझ्या मुलाचा होता, कोपर ताठ, आणि तो उंच ठेवून त्याने वळून माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. मग वर्षाराणी म्हणाली, "आता प्लॉटवाले." मी हात वर केला. माझ्या मागे सभागृहात, व्हरांड्यात, खिडक्यांच्या गजांतून आत आलेले हात वर झाले. ग्रामसेवक मोजायला लागला आणि खिडकीपाशी येऊन त्याने नाद सोडला. भावोजींचे हात दोन्ही वेळा गुडघ्यांवरच होते.

"मंजूर," वर्षाराणी म्हणाली, आणि बाहेर ढोल वाजायला लागला.

गर्दीतून वाट काढताना विनोद माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वहिनी, पोराचं लग्न मोडलंत तुमी." मोडलं तर मोडलं, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

आणि ते मोडलंच. कीर्तीच्या वडिलांचा फोन आला, ते सभ्य माणूस, फार काही बोलले नाहीत. धीरजने बोईसरला मित्रांबरोबर खोली घेतली. रविवारी येतो, वाडीत पाणी सोडतो, जेवतो, जातो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी त्याची समजूत काढत नाही, कारण त्याचं काही चुकलेलं नाही. पुढच्या ग्रामसभेत गावच्या पोरांच्या घरांचा विषय मीच दिलाय, बाजाराजवळच्या पडीक जागेवर. ती सभा मी तहकूब होऊ देणार नाही. त्यासाठी मला घरोघर जाऊन माणसांना बखोटीला धरून आणावं लागलं तरी चालेल. पाड्यावर जाऊन आले. ते येतो म्हणालेत.

मार्च संपायच्या आत प्लॉट पाडले. तानी आणि देवू भट्टीवरून एका दिवसाची सुट्टी घेऊन आले. खडकाळ जमिनीवर टेप धरून ग्रामसेवकाने खुणा केल्या आणि चुन्याच्या फक्कीने घरकुलाची आखणी केली, बाहेरच्या भिंती, एक खोली, पुढे स्वयंपाकाची जागा. आता घरकुलाच्या कागदांसाठी जागेवर मालकिणीचा फोटो काढायचा होता. तानी आखणीच्या मधोमध उभी होती. ऊन चढत होतं, मला घाई होती, मी तिला पदर नीट घे म्हणून सांगायला तरातरा चालत गेले आणि पांढऱ्या रेघेवरून आत पाय टाकला.

"बाय," तानी म्हणाली, "कुठून आलीस?"

"कुठून म्हणजे?"

"ती भित हाय." तिने मी ओलांडलेल्या रेघेकडे बोट केलं. "दार तिकडं हाय."

ग्रामसेवक हसला, देवू हसला. तानी हसली नाही. इतक्या वर्षांत तिच्या झोपडीत मी कधी विचारून गेले नव्हते. "तानी" अशी हाक मारायची आणि वाकून सरळ आत शिरायचं, आमच्याच वाडीतलं घर ते. मी मागे फिरले, रेघेबाहेर आले आणि सगळ्या घराला वळसा घालून पुढच्या बाजूला गेले. तिथे फक्कीत एका माणसापुरती फट सोडलेली होती. फटीबाहेर मी चपला काढल्या. तापलेला खडक पायाला चटके देत होता.

"येऊ का गं, तानी?"

तिने देवूला जरा बाजूला सरायला सांगितलं, पदर डोक्यावरून घेतला, आणि मला थोडं ताटकळत ठेवून मग म्हणाली, "ये बाय. बस."